प्राप्तिकर खात्याला कळते कसे?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आपण शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, वाचन अशा विषयांवर बोलतो. यंदा चिटणीससाहेबांनी मला विषय विचारला तेव्हा मी "इन्कम टॅक्स" असे उत्तर दिले. ते हसून म्हणाले, "मास्तर, तुम्ही इतिहास शिकवता. हा विषय एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटला द्यायला हवा." त्यांचे म्हणणे खरे आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला साधा माध्यमिक शिक्षक. करसल्ला देण्याचा मला अधिकार नाही व तसा हेतूही नाही. परंतु या रस्त्यावर मला एकदा चांगलीच ठेच लागली आहे. ज्याला ठेच लागली त्याने दगड कोठे आहे एवढे तरी इतरांना दाखवावे. त्या नात्याने मी आपल्यापुढे उभा आहे.

आपल्या मोहल्ल्यात, बाजारात, एस.टी. स्टँडवर हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "अहो, देशात कोट्यवधी माणसे. त्यांना आपले कसे कळणार?" काही जण हा प्रश्न बेफिकिरीने विचारतात, काही जण भीतीने विचारतात. दोघांचीही अडचण एकच असते. खाते काम कसे करते हे त्यांना ठाऊक नसते. ते एकदा समजले तर बेफिकिरी जाईल आणि भीतीही जाईल.

प्रथम थोडा इतिहास सांगतो, कारण तो माझा विषय आहे. आपल्या देशात प्राप्तिकर आला तो १८६० साली. १८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती, ती भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्राप्तिकर कायदा झाला व तो सहा दशकांहून अधिक काळ चालला. त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा संसदेने केला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. कलमांचे व फॉर्मचे क्रमांक अशा वेळी बदलतात. म्हणून मी आज क्रमांक फारसे सांगणार नाही, रीत सांगणार आहे. रीत समजली की क्रमांक कोणीही शोधून देईल.

या कराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. वीजबिल कंपनी आपल्याला पाठवते, घरपट्टी नगरपालिका ठरवते. प्राप्तिकराचा हिशेब मात्र आपण स्वतः लिहून द्यायचा असतो. आपण किती कमावले, किती वजावट घेतली, किती कर भरला, हे विवरणपत्रात, म्हणजे रिटर्नमध्ये, आपणच मांडतो आणि खाली आपणच प्रतिज्ञा करतो की हे सर्व खरे आहे. परीक्षेत उत्तरपत्रिका विद्यार्थी लिहितो आणि परीक्षक तपासतो, तसाच हा प्रकार. मी शिक्षक असल्यामुळे मला तो त्याच उदाहरणाने समजला, व तसाच आपणांस सांगतो.

परीक्षक सर्वांत आधी काय पाहतो? बेरीज. पानापानांवरचे गुण जोडले तर पहिल्या पानावर लिहिलेला आकडा येतो का? प्राप्तिकर खात्याची पहिली तपासणी अशीच असते. विवरणपत्र आपण संगणकावरून किंवा मोबाईलवरून भरतो. ते तालुक्याच्या कचेरीत कोणा साहेबाच्या टेबलावर जात नाही. ते बंगळूरच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राकडे जाते. हे केंद्र २००९ च्या सुमारास स्थापन झाले. २०२४ साली ३१ जुलैपर्यंत देशभरातून ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली. एवढे कागद माणसांनी तपासायचे म्हटले तर किती वर्षे लागतील याचा विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. तेथे यंत्रच बेरीज-वजाबाकी तपासते. एखादी वजावट कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त लिहिली असेल, एका रकान्यातला आकडा दुसऱ्याशी विसंगत असेल, किंवा भरलेला म्हणून दाखवलेला कर खात्याच्या नोंदीत नसेल, तर यंत्र ते दुरुस्त करते व तसे आपल्याला कळवते. या पत्रात दोन उभे रकाने असतात. एका रकान्यात आपण लिहिलेला आकडा आणि शेजारी त्यांनी काढलेला आकडा. असे पत्र आले म्हणजे गुन्हा दाखल झाला असे नव्हे. पुष्कळदा ते फक्त "आपले बरोबर आहे" एवढेच सांगण्यासाठी आलेले असते. ते न उघडता ठेवून देऊ नका, एवढीच विनंती.

आता दुसरी तपासणी. माझ्या मते सगळे मर्म येथेच आहे.

वर्गात दोन मुलांनी एकच प्रसंग सांगितला आणि दोघांची हकीकत जुळली नाही, तर मास्तरांना चौकशी करावी लागत नाही. काहीतरी गडबड आहे हे तेथेच कळते. रुपयाचेही तसेच आहे. आपल्या हातात आलेला रुपया कोणाच्या तरी हातातून आलेला असतो. शाळेने आपल्याला पगार दिला तर तो आपले उत्पन्न असतो आणि शाळेचा खर्च असतो. बँकेने आपल्याला व्याज दिले तर तो बँकेचाही खर्च असतो. म्हणजे एकच रुपया दोन वह्यांत लिहिला जातो. आपण आपल्या वहीतून तो गाळला, तरी दुसऱ्याच्या वहीतून तो गळत नाही. खाते आपल्या मागे माणूस लावत नाही. ते दोन वह्या शेजारी ठेवते, बस्स.

पण कोट्यवधी वह्यांतून आपलीच ओळ कशी सापडावी? त्यासाठी पॅन, म्हणजे कायम खाते क्रमांक आहे. या क्रमांकाची कल्पना १९७२ सालची. आज त्याला दहा खुणा असतात. पाच अक्षरे, चार अंक व शेवटी एक अक्षर. चौथे अक्षर धारक कोण आहे ते सांगते. व्यक्ती असेल तर तेथे इंग्रजी 'पी' असतो, आणि पाचवे अक्षर त्या व्यक्तीच्या आडनावाचे पहिले अक्षर असते. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन वडिलांचे कार्ड काढावे व पडताळून पाहावे. हा क्रमांक आधारशीही जोडलेला आहे. बँक, पोस्ट, म्युच्युअल फंड, दुय्यम निबंधक, सगळीकडे आपण हाच क्रमांक देतो. माळेतले मणी वेगवेगळे असले तरी दोरा एकच, तसे हे आहे.

या दोऱ्यात कोणकोणते मणी ओवले जातात? पहिला मणी मुळातून कापलेल्या कराचा, म्हणजे टी.डी.एस.चा. पगार देणारा, व्याज देणारा, कंत्राटदाराला पैसे देणारा कर कापतो आणि कोणाचा किती कापला हे दर तिमाहीला खात्याला कळवतो. दुसरा मणी मोठ्या व्यवहारांचा. १९६२ च्या नियमांनुसार, आर्थिक वर्ष २०२४-२५ पुरते सांगायचे तर, बचत खात्यात वर्षभरात मिळून १० लाख रुपये किंवा अधिक रोख भरली, १० लाख किंवा अधिक मुदतठेव केली, क्रेडिट कार्डाचे बिल रोखीने १ लाख किंवा अन्य मार्गाने १० लाख भरले, अथवा ३० लाख किंवा त्याहून अधिक किमतीची जमीन वा घर घेतले-विकले, तर ती माहिती त्या त्या संस्थेने खात्याला देणे बंधनकारक होते. व्याज व लाभांश यांची माहितीही बँका आणि कंपन्या कळवतात. नोव्हेंबर २०२१ पासून हे सर्व एकत्र करून प्रत्येक करदात्यास वार्षिक माहिती विवरण दाखवले जाऊ लागले. खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने आत शिरलो की ते दिसते. परीक्षकाच्या हातातली उत्तरसूची परीक्षेआधीच विद्यार्थ्याला दाखवावी, असे हे आहे. तरीसुद्धा आपण न पाहता उत्तर लिहावे याला काय म्हणावे!

येथे एक गैरसमज दूर करतो. "बँकेने कर कापला नाही, म्हणजे व्याजावर कर नाही" असे आपल्यातील पुष्कळ ज्येष्ठ मंडळी समजतात. कर कापण्याची मर्यादा वेगळी आणि कर लागण्याचा नियम वेगळा. कापला नाही तरी व्याज हे उत्पन्नच, आणि ते दाखवायचे. तसेच पतीने स्वतःचे पैसे पत्नीच्या नावे ठेव म्हणून ठेवले, तर त्याचे व्याज कायद्याने सामान्यतः पतीच्याच उत्पन्नात धरले जाते.

उलट, दुसऱ्याची वहीसुद्धा चुकू शकते. शाळेच्या कचेरीने एका शिक्षकाच्या पॅनमधले एक अक्षर चुकवले, तर त्याचा कापलेला कर भलत्याच्या नावावर दिसतो आणि बिचाऱ्याला थकबाकीची नोटीस येते. संयुक्त नावाच्या ठेवीचे सगळे व्याज पहिल्या नावावर पडते. अशा वेळी "ही माहिती माझी नाही" किंवा "ही पूर्णपणे माझी नाही" असे त्या विवरणावरच कळवण्याची सोय आहे. यंत्र म्हणते ते प्रमाण, असे मानून गप्प बसू नये.

तिसरी तपासणी म्हणजे मेळ. उत्पन्न लपवता येते, पण राहणी लपत नाही. अमेरिकेत शिकागोचा अल कपोन नावाचा टोळीनायक होता. त्याच्यावरचे अनेक गंभीर आरोप न्यायालयात सिद्ध होत नव्हते. अखेर १९३१ साली तो सापडला तो प्राप्तिकरात. त्याच्या जुगारअड्ड्याच्या हिशेबवह्या आणि त्याच्या ऐषआरामाच्या खर्चाचे पुरावे सरकारने न्यायालयापुढे ठेवले आणि त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. मुद्दा सरळ होता. जो माणूस एवढा खर्च करतो त्याला तेवढे उत्पन्न असलेच पाहिजे.

आपल्याकडचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या. ३० डिसेंबरपर्यंत लोकांनी त्या बँकेत भरल्या. अनेकांना वाटले, पैसे बँकेत गेले म्हणजे विषय संपला. परंतु ३१ जानेवारी २०१७ रोजी खात्याने 'ऑपरेशन क्लीन मनी' ही मोहीम सुरू केली. कोणी किती रोख भरली आणि त्याने पूर्वी किती उत्पन्न दाखवले होते, हे दोन आकडे शेजारी ठेवले. पहिल्याच टप्प्यात सुमारे १८ लाख लोकांच्या बाबतीत मेळ बसला नाही आणि त्यांना ऑनलाइन खुलासा विचारण्यात आला. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनी घरबसल्या उत्तर दिले. ज्यांच्याकडे पैसे खरे होते पण कागद नव्हते, त्यांची झोप उडाली. मेहनतीचा पैसासुद्धा कागदाशिवाय संशयास्पद दिसतो, हा धडा त्या वर्षाने दिला.

चौथी पायरी म्हणजे सखोल छाननी. परीक्षा मंडळ निवडक उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला घेते, तसेच येथे निवडक विवरणपत्रे घेतली जातात. निवड संगणक करतो, ती जोखमीच्या खुणांवरून. १३ ऑगस्ट २०२० रोजी सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार २०१२-१३ मध्ये छाननीचे प्रमाण शेकडा ०.९४ होते, ते २०१८-१९ मध्ये शेकडा ०.२६ वर आले. म्हणजे हजारात तीनसुद्धा नाहीत. २०१९ पासून ही छाननी चेहराविरहित पद्धतीने होऊ लागली. आपली फाईल कोणत्या शहरातला अधिकारी पाहतो हे आपल्याला कळत नाही, त्यालाही आपण समोर दिसत नाही. ओळख, वशिला, चहापाणी यांना जागा उरत नाही. हे ऐकून कोणी म्हणेल, "हजारात तीन, मग आपला नंबर कशाला लागतो?" मीही असेच म्हणालो होतो. आता माझी हकीकत सांगतो.

२०२२ सालचा जुलै महिना. आमच्या शिक्षकखोलीत एक गृहस्थ येऊ लागले. गोड बोलणारे, हातात लॅपटॉप. ते म्हणायचे, "सर, तुमचा पगारातून कापलेला कर परत आणून देतो. मिळाला तर शंभराला दहा माझे, नाही मिळाला तर काही देऊ नका." मी विचारले, "कायदेशीर आहे ना?" ते म्हणाले, "सर, नियमात बसवूनच करतो." मी पगाराचे प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म सोळा', दिला. मोबाईलवर आलेला ओटीपीही सांगितला. काय लिहिले ते वाचले नाही. महिनाभरात माझ्या खात्यात ३७,९६० रुपये जमा झाले. वर्षभर कापलेला सगळाच्या सगळा कर! त्यांचे ३,८०० देऊन उरलेल्या पैशांत घरात नवे कपाट आले. अम्मी म्हणाली, "बेटा, अचानक पैसे कसे आले?" मी म्हणालो, "सरकारने परत दिले."

दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, मोबाईलवर खात्याचा संदेश आला की आपण घेतलेल्या वजावटी पडताळून पाहाव्यात. मी ओळखीच्या एका जाणकारांकडे गेलो आणि माझे विवरणपत्र प्रथमच वाचले. मी एका राजकीय पक्षाला २०,००० रुपये देणगी दिल्याचे त्यात लिहिले होते. त्या पक्षाचे नावही मी कधी ऐकले नव्हते. त्याखाली आणखी एक ओळ होती. कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीच्या गंभीर आजारावरील उपचार, रुपये १,००,०००. ही वजावट कर्करोगासारख्या, मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या आजारांसाठी असते. माझ्यावर अवलंबून असलेली ज्येष्ठ व्यक्ती घरात एकच आहे. मी जाणकारांसमोर बसलो होतो, आणि त्याच वेळी अम्मी घरी अंगणात बसून तांदूळ निवडत होती. अल्लाच्या कृपेने तिला साधा मधुमेहसुद्धा नाही. तिच्या जिवावरचे आजारपण मी माझ्या प्रतिज्ञेने सरकारला लिहून दिले होते आणि त्याचे कपाट घेतले होते. दंड-व्याजाचे दुःख मला पुढे झाले. त्या क्षणी फक्त लाज वाटली.

खात्याला कळले कसे, हेही त्या जाणकारांनी समजावले. माझे करपात्र उत्पन्न होते ६ लाख २० हजार. त्या वर्षी ते ५ लाखांच्या आत आले की सूट मिळून कर शून्य होत असे. १ लाख २० हजारांच्या खोट्या वजावटीने ते बरोब्बर ५ लाखांवर आणले होते. शाळेने खात्याला कळवलेल्या पगारपत्रकात यातील एकही वजावट नव्हती, विवरणपत्रात मात्र दोन उगवल्या होत्या. दोन वह्या जुळत नव्हत्या. शिवाय आमच्या एकट्या शाळेचा हा प्रकार नव्हता. एकाच हाताने भरलेली शेकडो विवरणपत्रे, तीच वजावट, तोच पक्ष, सर्वांना परतावा. एकाचीच कॉपी केलेल्या चाळीस उत्तरपत्रिका माझ्यापुढे आल्या तर मला ओळखायला किती वेळ लागेल? त्यात सप्टेंबर २०२२ मध्ये खात्याने अशा काही अल्पपरिचित नोंदणीकृत पक्षांवर छापे घालून त्यांच्या देणग्या तपासल्या होत्याच. आणखी एक गोष्ट पाहा. विवरणपत्रातला ईमेल माझा नव्हता, त्या गृहस्थांनी बनवलेला होता. तेथे काय काय पत्रे येऊन पडली असतील, कोण जाणे.

हे केवळ आमच्याकडेच घडले असे नाही. १४ जुलै २०२५ रोजी खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशा मध्यस्थांविरुद्ध मोठी पडताळणी मोहीम घेतली. तेव्हा खात्याने जाहीर केले की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले. तात्पुरते ईमेल बनवून नंतर सोडून देण्याची युक्तीही त्या निवेदनात होती. मला वाटले होते माझी गोष्ट अगदी वेगळी आहे. ती सरकारी निवेदनात जशीच्या तशी निघाली.

माझे काय झाले? २०२२ पासून कायद्यात एक दार उघडे ठेवले आहे. त्याला अद्ययावत विवरणपत्र म्हणतात. आपली चूक आपणच कबूल करून, कर, व्याज आणि वर ठरावीक जादा कर भरून विवरणपत्र दुरुस्त करता येते. प्रथम त्याला दोन वर्षांची मुदत होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती चार वर्षे झाली. उशीर होईल तसा जादा कर वाढतो. पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, पुढे ६० आणि ७० टक्के. माझे दुसरे वर्ष चालू होते. हाती आले होते ३४,००० आणि गेले ६०,००० हून अधिक. पतपेढीचे कर्ज काढले. तरी मी स्वस्तात सुटलो, कारण रीतसर कारवाई सुरू होण्याआधी मी गेलो होतो. १९६१ च्या कायद्यात उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के, आणि खोटी माहिती देऊन दाखवल्यास २०० टक्के दंडाची तरतूद होती. चूक आणि खोटेपणा यांतला हा भेद नव्या कायद्यातही ठेवलेला आहे. आणि हो, "मी नाही, एजंटाने लिहिले" हे उत्तर चालत नाही. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक आपला असतो.

आता आखाताकडे कमावत्या माणसांविषयी दोन शब्द. आपल्या बहुतेक घरांतला एक तरी माणूस तेथे आहे. माझे थोरले बंधूही शारजाला आहेत. सर्वसाधारणपणे वर्षातील बहुतांश काळ परदेशात राहून अनिवासी ठरलेल्या माणसाच्या तेथल्या पगारावर येथे कर लागत नाही. मुलाने आईवडिलांना पाठवलेल्या पैशावरही उत्पन्न म्हणून कर लागत नाही. मग लपवायचे कशाला? बँकेमार्फत पाठवावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. हुंडीने आलेल्या रोख रकमेला कागद नसतो. उद्या त्या पैशांतून घर बांधले आणि कोणी विचारले, तर घामाचा पैसासुद्धा आपल्याला घामाचा म्हणून सिद्ध करता येत नाही. अनिवासी माणसाचे येथले घरभाडे आणि एन.आर.ओ. खात्यावरचे व्याज मात्र करपात्र असते. आणि कायमचे परत येऊन कायद्याने पूर्ण निवासी ठरल्यावर तिकडची खाती व मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. शंभरहून अधिक देश आता बँक खात्यांची माहिती एकमेकांना देतात. भारत त्यात २०१७ पासून आहे, संयुक्त अरब अमिराती २०१८ पासून. दुसरी वही आता समुद्रापलीकडूनही येते. २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्यात परदेशी मालमत्ता न दाखवल्याबद्दल १० लाख रुपयांचा दंड आहे. लहान रकमांना काही सवलत आहे, तरी परतणाऱ्या प्रत्येकाने आधी जाणकारास विचारावे.

आपल्या संस्थेशी संबंध असलेली एक गोष्टही सांगतो. जुन्या करप्रणालीत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर वजावट मिळते. परंतु २०१७-१८ पासून २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, आणि २०२१-२२ पासून कोणी किती दिले याची यादी मान्यताप्राप्त संस्थेलाच खात्याकडे पाठवावी लागते. म्हणजे देणगीचीही दोन वह्यांत नोंद झाली. खोट्या पावतीची मागणी घेऊन कोणी चिटणीससाहेबांकडे जाऊ नये. ते देणार नाहीत, आणि न दिल्याबद्दल रागावूही नये.

शेवटी पालकांनी घरी जाऊन करावयाची कामे सांगतो. एक, विवरणपत्र कोणीही भरून देवो, पाठवण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः वाचावी. वाचता येत नसेल तर मुलामुलींकडून वाचून घ्यावी. दोन, मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच द्यावा, ओटीपी कोणाला सांगू नये. तीन, भरण्याआधी वार्षिक माहिती विवरण व कापलेल्या कराचा उतारा पाहावा आणि आपल्या पासबुकाशी ताडून घ्यावा. चार, परताव्यावर टक्केवारी मागणाऱ्यापासून दूर राहावे. फी कामाची असते, परताव्याचा वाटा नसतो. पाच, नोटीस आली तर घाबरू नये आणि फेकूही नये. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो खात्याच्या संकेतस्थळावर घालून पत्र खरे की बनावट ते पाहता येते. सहा, चूक सापडली तर आपणच आधी जाऊन सांगावी. उशिराने दुरुस्ती महाग होते एवढेच.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला वाटेल की हा मोठ्यांचा विषय आहे. पण घरात इंग्रजी फॉर्म वाचणारे, मोबाईल नीट वापरणारे बहुधा तुम्हीच असता. अब्बांनी कोठे अंगठा किंवा सही करण्याआधी "काय लिहिले आहे ते वाचून दाखवू का?" एवढे तुम्ही विचारलेत, तर तुमच्या शिक्षणाचा घराला पहिला लाभ झाला असे मी म्हणेन. मी पदवीधर असून ते केले नाही.

ते कपाट अजून घरात आहे. पूर्ण हकीकत मी अम्मीला सांगितली तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझं दुखणं लिहायचं होतं तर खरं तरी लिहायचं, गुडघे दुखतात म्हणून." आम्ही दोघेही हसलो. पण त्या दिवसापासून कोणताही कागद न वाचता माझी सही होत नाही.